आवाज संपायच्या आत

“हिला कशाला रायटर? काल सकाळी तर कॅन्टीनमध्ये खिदळत होती.”

दाराबाहेर दोन सुपरवायझर मॅडम उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने दुसरीला हे सांगितलं, आवाज खाली आणून, पण पुरेसा खाली नाही. मी आत बाकावर बसले होते. लगेच पेनाचं टोपण नीट बसलंय का ते बघायला लागले. अवघड काही कानावर आलं की मी असं काहीतरी बघायला लागते. माझ्या शेजारी बसलेल्या अक्षताने मात्र मान वळवली आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, “मॅडम, पेपर संपताना परत या ना. तेव्हा खिदळून दाखवते.”

मॅडम कॉरिडॉरमध्ये निघून गेल्या. अक्षता माझ्याकडे वळून म्हणाली, “आता ही येणार नाही बघ. शेवटी कोणीच येत नाही. सगळे मला सकाळीच बघून जातात.”

अक्षता घाडी. लालबागची. टी. वाय. बी. ए., इतिहास, मराठी माध्यम. तिला मायस्थेनिया नावाचा आजार आहे. या आजारात स्नायू वापरले की थकतात. आपलेही थकतात, पण तिचे फार लवकर थकतात, आणि थोडं थांबलं की पुन्हा कामाला येतात. सकाळी ती तुमच्या-माझ्यासारखी असायची. दुपार झाली की पापण्या उतरायला लागायच्या, बोटांतून पेन सुटायचं, आणि बोलत राहिली तर आवाज नाकात जायचा, पातळ व्हायचा, मग नाहीसाच व्हायचा. पेन धरता येत नाही म्हणून तिला परीक्षेला लेखनिक मंजूर झाला होता. कॉलेजात त्याला सगळे रायटर म्हणतात. तिची रायटर मी. तिने सांगायचं, मी लिहायचं. पण सांगायलाही स्नायूच लागतात, हे मंजुरी देणाऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मी गिरगावची, इंग्रजी शाळेत शिकलेली, तेव्हा एफ. वाय. कॉमर्सला होते. रायटर हा परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला आणि वेगळ्या विषयाचा लागतो, म्हणून मी चालत होते. एन.एस.एस.चे तास भरायचे होते. पथनाट्य, रक्तदान शिबिराचा प्रचार, आणि रायटर, असे पर्याय होते. रायटरच्या पुढे लिहिलं होतं की परीक्षेच्या खोलीत रायटरने बोलायचं नाही. ते वाचून मी ताबडतोब नाव दिलं.

सराव तिच्या घरी. पहिल्या दिवशी मी तिला अक्षताताई म्हटलं. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून.

“ताई नको,” ती म्हणाली. “ताई म्हटलं की मला कोणाचं तरी लग्न ठरवावंसं वाटतं.”

मग मला एक परिच्छेद घातला. मी लिहून दाखवला. तिने एका बोटाने उजवी पापणी वर धरली आणि कागद डोळ्यांजवळ नेला. “अक्षर छान आहे गं. चौथीतल्या मुलीसारखं. स्पीड पण चौथीतलाच.” त्या दिवसापासून मी तिच्यासाठी ‘कॉन्व्हेंट’ झाले. माझी शाळा कॉन्व्हेंट नव्हती, पण ते सांगायचं राहूनच गेलं.

तिच्या सकाळी बघण्यासारख्या असायच्या. एका जागी बसून तिने काही केलेलं मला आठवत नाही. चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत ती उत्तरं म्हणायची, मध्येच कोणाच्या खिडकीत डोकावून भाजी काय केली ते विचारायची, मध्येच बँकेला फोन लावून भांडायची. जेवायच्या आत सगळं उरकायचं असायचं, हसणं धरून. “जोक पण सकाळीच सांग,” तिने मला बजावलं होतं. “दुपारनंतर मी हसले की रागावल्यासारखी दिसते.” मला वाटलं, हे पण गमतीत म्हणतेय. मग एकदा दुपारी मी बघितलं. ओठांचे कोपरे वर जातच नव्हते. नुसते वरचे दात दिसत होते. नवा माणूस दचकला असता.

हनुवटीखाली मूठ ठेवून बसायची तिला सवय होती. इतिहासाच्या एका सरांनी भर वर्गात सांगितलं होतं, माझ्या तासाला असं कंटाळून बसायचं नाही. तिने मूठ काढली. जबडा हळूहळू खाली आला. सर बघत राहिले. तिने मूठ पुन्हा जागेवर ठेवली आणि सरांनी तास पुढे चालू केला. हे ती फार रंगवून सांगायची, सरांच्या चेहऱ्यासकट.

पेपरच्या दिवशी मात्र उलटं. पेपरच्या सकाळी ती बोलायचीच नाही. सगळा आवाज दुपारसाठी ठेवायचा. आणि तिच्याबरोबर गॅलरीतले सगळेच तिच्याशी बोलायचं बंद करायचे. हे कोणी ठरवलं होतं मला माहीत नाही. नळावरच्या बायका तिला नुसता हात करायच्या. दूधवाला बेल न वाजवता पिशवी अडकवून जायचा. एकदा कोणा पाहुण्या बाईंनी तिला विचारलं की कितवीला आहेस, तर पलीकडच्या खोलीतून तिघी-चौघी एकदम बाहेर आल्या. “आज बोलू नको गो तिच्याशी, पेपर आसा तिचो,” त्यांतली एक म्हणाली, आणि पाहुण्या बाई ओशाळून अक्षताला हात करायला लागल्या. अक्षताची आई तिला पेज द्यायची, कारण चावण्यातही जबडा थकतो, आणि मला मासे-भात. “तू जेव गो. तुका लिहूचा आसा,” एवढंच बोलायची, तेसुद्धा कुजबुजत. मला त्या घरात कधी नव्हे इतकं बरं वाटायचं. सगळेच माझ्यासारखे झालेले असायचे.

उत्तरं पाठ करायची तिची एक रीत होती. पुस्तकातला परिच्छेद घ्यायचा आणि त्याला कात्री लावायची. “विशेषणं फार आवाज खातात,” ती म्हणायची. “थोर, पराक्रमी, दूरदर्शी, सगळं काढ. मेलेत ते. त्यांना काय फरक पडतो?” पानभर उत्तर ती चार-पाच वाक्यांवर आणायची, आणि त्या चार-पाचांत सगळं असायचं. सगळ्यात अवघड प्रश्न आधी, आवाज ताजा असताना. टिपा शेवटी, कारण त्या तुटक सांगितल्या तरी चालतात.

आमच्या पहिल्या परीक्षेत, म्हणजे कॉलेजच्याच अंतर्गत परीक्षेत, मी घोळ घातला. उमेदवार जे सांगेल तेच आणि तसंच लिहायचं, असं रायटरला बजावलेलं असतं. मी इतकी घाबरले होते की मी तसंच लिहिलं. पेपर तपासून आला तेव्हा मधल्या एका पानावर लाल वर्तुळ होतं. वर्तुळाच्या आत माझ्या चौथीतल्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘इंग्रजांनी तैनाती फौजेची अट घातली थांब गं गोळी घेते निजामाने ती मान्य केली.’

मला वाटलं जमीन फाटावी. अक्षताने ते पान गॅलरीत प्रत्येक दारात नेऊन वाचून दाखवलं. सकाळची वेळ होती, तिला हसता येत होतं. “निजाम बिचारा काय करणार,” ती म्हणाली, “माझी गोळी होईपर्यंत त्याने थांबायचं ना.” पुढे कित्येक दिवस कोणी काही मागितलं की ती अट घालायची, थांब गं गोळी घेते.

पण त्याच परीक्षेत दुसरीही गोष्ट दिसली. शेवटची टीप राहून गेली होती. वेळ होता, भरपूर होता. दर तासामागे ठरावीक मिनिटं जास्त मिळायची, ती सगळी शेवटी मिळायची. पण तोपर्यंत तिच्याकडे आवाज उरलेला नव्हता. तो जास्तीचा सगळा वेळ ती मुठीवर हनुवटी टेकून बसली होती आणि मी पेन धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाटकर मॅडमकडे गेली. पाटकर मॅडम म्हणजे आमच्याकडे रायटरवाल्या मुलांची परीक्षा बघणाऱ्या. भल्या बाई. अक्षताने त्यांना सांगितलं, “मॅडम, शेवटी वेळ घेऊन मी काय करू? आम्ही दोघी एकमेकींची तोंडं बघत बसतो. मला मध्ये थांबू द्या आणि तेवढा वेळ पुढे द्या.” मॅडम म्हणाल्या, मध्ये थांब ना, तुला कोण अडवतंय, फक्त घड्याळ चालू राहणार. घड्याळ थांबवायचं कुठे लिहिलेलं नाही. अक्षताने विचारलं, मग कोण लिहिणार? असं करत करत ठरलं की विद्यापीठाला विचारू, आणि विद्यापीठाकडून आलं की डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर विचार करता येईल.

म्हणून परळचं हॉस्पिटल. नेमके त्या दिवशी तिचे नेहमीचे डॉक्टर नव्हते, दुसरे होते, आणि ओपीडी सकाळची. ती अस्वस्थ झाली. सकाळी तिला तपासणार, ती धडधाकट बोलणार, आणि ते लिहिणार की ठीक आहे. नंबर यायला वेळ होता. बाकांवर माणसं दाटीने बसलेली. अक्षता उठली आणि भिंतीवरच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागली.

“येथे थुंकू नये. चपला बाहेर काढाव्यात. रुग्णासोबत एकानेच थांबावे.” भिंत संपली की परत पहिल्यापासून. लोक बघायला लागले. मी खाली बघायला लागले. वॉचमन आला तर तिने त्याच्या छातीवरचं नावही वाचलं. तो गोंधळून परत गेला. मग एका आजोबांनी, ही पोरगी वाचायलाच बसवली आहे असं समजून, आपला रिपोर्ट तिच्या हातात दिला. तिने तोही वाचला, इंग्रजी, अख्खा. आजोबांनी अर्थ विचारला तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं. “अर्थ ही सांगेल. कॉन्व्हेंट आहे.” मी सांगितला. आजोबा म्हणाले, जरा जोरात बोल गं बाय. मी पुन्हा सांगितला. त्यांनी कानामागे हात धरला. शेवटी अक्षतानेच, अर्ध्या उरलेल्या आवाजात, त्यांना सांगितलं की साखर वाढली आहे, गोड बंद करा.

तिचा नंबर लागला तेव्हा तिच्या तोंडून एक शब्द धड येत नव्हता. डॉक्टर तरुण होते. ते बघूनच घाबरले. श्वास कसा आहे ते बघितलं, नर्सला हाक मारली, भरती करायचं बोलायला लागले. अक्षताने तळहात वर केला, थांबा. मग सरळ त्यांच्या टेबलावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. डॉक्टर माझ्याकडे बघत होते, मी टेबलाच्या पायाकडे. बाहेरची रांग दारात डोकावून गेली. काही वेळाने तिने डोकं उचललं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “बघितलंत? मला एवढंच पाहिजे. पेपरात.”

डॉक्टरांनी पत्र दिलं. लागेल तेव्हा विश्रांती, आणि तो वेळ परीक्षेच्या वेळात धरू नये. खाली येताना जिन्यात ती म्हणाली की वडापाव खायचा आहे, आणि चावता येत नाही म्हणून नुसती आतली भाजी खाल्ली. पाव मी खाल्ला.

टी. वाय.च्या शेवटच्या परीक्षेचं केंद्र दादरला होतं, दुसऱ्याच कॉलेजात. उन्हाळा, दुपारचं सत्र. गरमीत तिचं सगळं लवकर थकतं. आधीचं एक वर्ष तिने आयसीयूमुळे गमावलं होतं. चाळ पाडायची ठरली होती, आणि परीक्षा झाल्यावर आठवड्याभरात घाडी मंडळी सामान बांधून कुडाळला जाणार होती. आता ती तिथेच असते, मुलांच्या शिकवण्या घेते, फक्त सकाळची बॅच, आणि आम्ही मेसेजवर बोलतो. पण तेव्हा तिचं म्हणणं साधं होतं. “सुटले तर आत्ताच सुटले. कुडाळहून मला परत पेपराला कोण आणणार? बाबांची कंबर गेलेली, आईला दादर माहीत नाही.” आधीचे पेपर मध्ये थांबत थांबत कसेबसे पार पडले होते. आता उरला होता तो एकच.

त्या दिवशी खोलीत आम्ही दोघी आणि एक नवे सर. निवृत्तीला आलेले, सभ्य, शर्टाच्या खिशाला रुमाल लावलेले. खोलीत एक उभा पंखा होता तो त्यांच्या खुर्चीकडे वळवलेला. पहिले दोन प्रश्न झाले. मग अक्षताने तळहात वर केला. सर म्हणाले, बसा बसा, हरकत नाही, पण वेळ चालू आहे हं. डॉक्टरांचं पत्र विद्यापीठाने मान्य केलं होतं आणि पाटकर मॅडमनी ते या केंद्राला पाठवलं होतं. ते खाली ऑफिसात असणार, पण या सरांपर्यंत आलेलं नव्हतं.

अक्षताने माझ्याकडे बघितलं. मला कळलं ती काय हिशेब करतेय. सरांशी भांडण्यात जो आवाज जाईल त्यात अख्खा प्रश्न झाला असता. “लिही,” ती म्हणाली.

मी लिहीत गेले. तिचा आवाज नाकात गेला. वाक्यांचे शेवट गळायला लागले. मी खुर्ची सरकवली, मग वाकले, मग कान तिच्या ओठांपाशी नेला. मला कळत होतं. एवढ्या महिन्यांत मला तिचा उरलेला आवाजही वाचता यायला लागला होता. पण माझ्याशिवाय त्या खोलीत तो कोणालाच कळत नव्हता, हे माझ्या ध्यानात आलं नाही. सर उठून आमच्या बाकाशी उभे राहिले तेव्हा आलं.

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “ही काही बोलतच नाहीये. तू मनाने लिहितेयस.”

त्यांनी उत्तरपत्रिका माझ्या हाताखालून काढून घेतली. केंद्रप्रमुखांना बोलवावं लागेल, असं काहीतरी सांगायला लागले. कॉपी हा शब्द मी ऐकला. अक्षता बोलायला गेली. जे बाहेर आलं त्याला शब्द म्हणता आलं नसतं. मग तिने त्यांना समजवावं म्हणून हसायचा प्रयत्न केला, आणि ते हसू तसंच आलं, नुसते दात. सर एक पाऊल मागे सरले. रागावून काय होणार, ते म्हणाले.

त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी बोलायचं नव्हतं. मी पेन बाकावर ठेवलं.

“सर,” मी म्हटलं, “ती बोलतेय. जवळ येऊन ऐका.”

मग, मला अजूनही त्यांचं आश्चर्य वाटतं, ते खरंच वाकले. रुमाल खिशातून लोंबकळला. अक्षताने जे काही उरलं होतं ते गोळा केलं आणि त्यांच्या कानात सांगितलं. त्यांनी मान हलवली, कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. ते हातातल्या उत्तरपत्रिकेकडे वळले. शेवटची ओळ अर्धी होती, ‘अखेर सरकारला बंगालची फाळणी’ इथे थांबलेली.

“रद्द करावी लागली,” सर स्वतःशीच म्हणाले.

त्यांनी उत्तरपत्रिका परत बाकावर ठेवली. झालं ते झालं, पण आता लवकर आटपा, वेळ कमी आहे, असं म्हणाले. अक्षताने ते ऐकलं आणि बाकावर डोकं टेकलं. एक गाल लाकडावर, जबड्याखाली हात. दुसऱ्या हाताच्या बोटाने तिने एक पापणी वर धरली होती आणि त्या एका डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती. अजून दोन टिपा बाकी होत्या.

मी सरांना पत्राचं सांगितलं. डॉक्टरांनी काय लिहिलंय ते सांगितलं, ते खालच्या ऑफिसात आहे आणि त्यांनी मागवून बघावं असं सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर मधे कुठे थांबायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी सगळंच सांगितलं. ते दाराशी गेले, कॉरिडॉरमध्ये कोणाला तरी हाक मारली, बराच वेळ काही बोलणं झालं. परत आले तेव्हा त्यांच्या हातात तो कागद होता. त्यांनी तो उभ्याउभ्या वाचला, खुर्चीत बसून पुन्हा वाचला. मग खिशातलं पेन काढलं, मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि विचारलं, हा विश्रांतीचा वेळ कुठून धरायचा. विचारलं अक्षताला. ती मान उचलू शकत नव्हती, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“आत्तापासून धरा, सर,” मी म्हटलं. “आणि तो पंखा जरा हिच्याकडे वळवा.”